मंगलाताई आणि बिनजंतूंचे उंदीर

सव्वा महिना झाला. सानगडीच्या बाजारात मी लाखोरीची डाळ घेत होतो, तेवढ्यात नागपूरहून ताईच्या मॅडमचा फोन आला. ‘मंगलाबाईंना कामावर येताना छातीत कळ आली... दवाखान्यात नेईपर्यंत त्या गेल्या.’ मी डाळ पिशवीत भरून घेतली, दुकानदाराला ‘येतो’ म्हणालो, चार पावलं चाललो. मग हे घरी जाऊन बाबांना सांगायचं आहे, हे लक्षात आलं आणि मी परत येऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. बाबांना सात-आठ वर्षांपासून कंपवात. बसल्या जागी त्यांचा उजवा हात थरथरत असतो.

मंगलाताई माझी थोरली बहीण. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. दहावीच्या शिक्षणावर तिनं नागपूरच्या एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळायची नोकरी धरली. गावातले लोक हसले. धानाच्या कोठीतले उंदीर मारण्यात आमच्या पिढ्या गेल्या आणि ही त्यांना वाढवते! पण ते उंदीर वेगळे होते. जन्मापासून त्यांच्या पोटात एकही जंतू नव्हता. हवा गाळून, खाणं-पाणी निर्जंतुक करून त्यांना प्लास्टिकच्या बंद पेट्यांमध्ये ठेवलेलं असायचं. पेटीलाच जोडलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून ताई त्यांना उचलायची. तिथल्या संशोधक मॅडमना प्रश्न विचारून विचारून ती त्यातलं बरंच शिकली होती, आणि घरी आली की आम्हाला सांगायची.

‘आपल्या पोटातले जंतू भाजीपाला, कोंडा आंबवून बारीक बारीक रसायनं बनवतेत,’ एकदा जेवताना ती सांगत होती. ‘ते रक्तातून फिरतेत. आन् डोक्यात राखणदार पेशी असतेत, खराब झालेलं साफ करणाऱ्या. जंतूच नाही तं उंदरायचे राखणदार कच्चेच राह्यतेत. पाण्यातून ते रसायन देल्लं का सुधारतेत.’

बाबांचा घास ताटातच राहिला. ‘मंग मले दे ना ते. माहा हात थांबन.’

ताईनं हातातला घास खाली ठेवला. ‘मले माहीत नाही, बाबा. थरथरीचा रोग असलेल्या उंदरायले तेच देल्लं, तं त्यायचं अजून बिघडलं. माणसाचं कसं होते, हे अजून कोणालेच पुरतं समजलं नाही.’

बाबांनी मान खाली घातली. मला ताईचा भयंकर राग आला. अंगणात तिला गाठून मी म्हणालो, ‘थोडं खोटं बोलली असती तं काय बिघडत होतं तुहं?’

‘मंग खरं कोणाले इचारतीन ते?’ एवढंच बोलून ती भांडी घासायला गेली.

त्या रागातच मी मोहाडीला, सासुरवाडीला गेलो असताना एका माणसाकडून भुकटी आणली. पोटातले जंतू सुधारतात, त्यानं मेंदू सुधारतो, असं तो सांगत होता. सगळं ताईच्याच शब्दांसारखं, फक्त ‘माहीत नाही’ तेवढं गाळलेलं. त्यानं डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि मी केल्या. थोड्याच दिवसांत बाबा लाकडासारखे ताठले. कूस बदलता येईना, पाणी गिळता येईना. बायकोनं मला न विचारता ताईला फोन केला.

ती पहिल्या गाडीनं आली. भिंतीतल्या देवळीत गोळ्यांची भरलेली पाकिटं पाहिली. ‘काहून बंद केल्या?’ मी भुकटीचा डबा पुढे केला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं बाबांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि गाडी बोलवायला सांगितलं. भंडाऱ्याला डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं, बाबांचं कित्येक दिवस पोट साफ होत नाही हेसुद्धा. आम्ही कुणी ते सांगण्यासारखं मानलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पोटाचंही औषध दिलं. हळूहळू बाबा आपल्या हातानं जेवू लागले. थरथर थांबली नाही. ती थांबणार नव्हतीच.

परत जाताना बसस्टँडवर मी म्हणालो, ‘ताई, चुकलं माहं.’

‘माहंही चुकलं. नुसतं माहीत नाही म्हटलं आन् चालली गेली. बसून समजवाले पायजे होतं.’

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन यायचा. प्रयोगात काय जमलं, काय फसलं, सगळं ती बाबांना सांगायची. हात थांबेल असं ती कधीच म्हणाली नाही, आणि बाबांनीही पुन्हा कधी विचारलं नाही. तरी रविवारी ते फोन मांडीवर घेऊन बसायचे.

त्या दिवशी बाजारातून येऊन मी त्यांना सांगितलं. ते रडले नाहीत. दुसऱ्या हातानं उजवा हात घट्ट धरून बसले. मग म्हणाले, ‘तिच्या उंदरायले आता कोण पाह्यते?’

मला माहीत नव्हतं, आणि बाबांना खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. दहावं-तेरावं झाल्यावर मी नागपूरला गेलो. मॅडम स्वतः मला त्या खोलीकडे घेऊन गेल्या. सध्या त्या आणि त्यांचे सहकारी आळीपाळीनं उंदीर पाहतात, म्हणाल्या. बंद दारापाशी येऊन त्यांनी बोटांनी हलकेच दोनदा टकटक केली आणि थांबल्या.

‘आत कोणी आहे का?’ मी विचारलं.

‘नाही...’ त्या थोड्या ओशाळल्या. ‘मंगलाबाईंची शिस्त. एकदम दार उघडलं की उंदीर दचकतात म्हणायच्या. आता आम्ही सगळेच करतो.’

त्यांनी लगेच दार उघडलं नाही. आतल्यांना सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही दोघं तिथे उभे राहिलो.