तायडे मेकॅनिक आणि पाच बल्ब

तायडे मेकॅनिक बिघडलेल्या यंत्राला लगेच हात लावत नसत. पेचकस खिशातच ठेवून स्टूल ओढायचे आणि यंत्राकडे पाठ करून नुसते ऐकत बसायचे. "पयले त्याले बोलू द्या भाऊ. आपणच बोलून राहिलो, त मशीन काय सांगन?" आणि वर मलाच चहा आणायला पिटाळायचे!

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास मी अमरावतीहून अकोल्याच्या एका तारघरात टेलिप्रिंटर चालवायला आलो. तायडे पातूरकडचे, माझ्याहून थोडे मोठे. त्यांची नोकरी अजून कच्ची. ती पक्की करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता.

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. त्या वर्षी मी माझ्या यंत्रावर हात सैल सोडून हळद-कुंकू वाहिलं. तायडे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून दर दसऱ्याला नागपूरला जायचे. ते परत आले तोवर माझं यंत्र चुकायला लागलं होतं. मी एस दाबला की पलीकडे ई उमटायचा. साहेबांनी मला फैलावर घेतलं. जीव वाचवायला मी म्हणालो, "मागच्या महिन्यात तायड्यांनीच उघडलं होतं, साहेब." तिथे तरी जीभ आवरावी! "पूजाही मानत नाहीत ते," असंही बोलून गेलो.

"त्यांची चूक निघाली तर कागद माघारी जाईल," साहेब म्हणाले. तायडे दारातच उभे होते. "चार दिवस द्या साहेब," एवढंच बोलले.

टेलिप्रिंटरच्या प्रत्येक अक्षराचे पाच ठोके असतात, काही भरलेले, काही रिकामे. ते तारेतून एकामागून एक इतके झरझर जातात की काही कळत नाही. तायड्यांनी भंगारातली एक फिरती चकती, पाच रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, आणि टॉर्चचे पाच बल्ब एका लाकडी खोक्यात बसवले. ठोक्यागणिक एक बल्ब; ठोका भरलेला असला की तो पेटणार, आणि पेटला की पेटलेलाच राहणार. खोका तारेला जोडून म्हणाले, "दाबा एस." पहिला आणि तिसरा पेटायला हवे होते. पहिला तेवढा पेटला, म्हणजे ई.

"तिसरा मुका हाये." त्यांनी यंत्र उघडलं, तिसऱ्या ठोक्याच्या पट्टीखालून कापसाचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला.

"कुंकू हाये भाऊ."

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तुमीच लिवा. तुमच्या पूजेवर मी बोललो, त लोक भलतंच समजतीन."

मी लिहिलं : 'धूळ. साफ केली.' धूळ म्हणजे मेकॅनिकची हयगय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तायड्यांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली सही केली. भेकड होतो मी.

कागद माघारी गेला. तायडे आणखी दोन वर्षं कच्चेच राहिले, मग चांदूर रेल्वे गावी गेले. जाताना खोका माझ्या टेबलावर ठेवला. "राहू द्या, कामी पडन."

परवा तायडे वारल्याचं कळलं. ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल, म्हणून इथे लिहितो. धूळ नव्हती. कुंकू होतं, आणि मी वाहिलेलं होतं.