तक्रार पुढे, कमांड मागे

"पयले मले सांग, गिऱ्हाईक काय म्हनून राह्यलं?" फोनवर कोणी कमांड विचारली की ती उत्तराऐवजी हा प्रश्न टाकायची आणि समोरचा बोलेपर्यंत पेनाचं टोपण दातात धरून बसायची. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच ते डोळ्यांत खुपतं. माझ्या तर शेजारच्याच टेबलावर होतं.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं आमचं वाशिमचं छोटं ऑफिस. मी जुना, ती केनवडची, माझ्याहून लहान. मानोरा, शेलूबाजारकडे जोडणी दुरुस्त करायला गेलेली आमची माणसं अडली, की लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर काय टाइप करायचं ते आम्हाला विचारत. एकदा साहेब म्हणाले, सगळ्या कमांडांचं एक संदर्भपुस्तक करा. ज्याची मांडणी पसंत पडेल त्याला नागपूरच्या मुख्य ऑफिसात पाठवू. मला नागपूर हवं होतं. तिलाही हवं होतं, म्हणून जरा जास्तच.

मी इंग्रजी अक्षरक्रम लावला. आयपीकॉन्फिग, एनएसलुकअप, पिंग, ट्रेसर्ट. प्रत्येकाला एक पान, त्यात कमांडचं काम, लिहायची रीत, उत्तराचा अर्थ. तिनं तक्रारीप्रमाणे लावलं, आणि मथळे थेट गिऱ्हाइकाच्या तोंडचे: 'लाइट लागते, पन नेट नाई', 'व्हॉट्सॲप चालते, बाकी काईच नाई'. मी हसलो.

"भाऊ, तुमी दवाखान्यात गेले त डॉक्टर औषधाचं अक्षर इचारते का दुखनं?" असं म्हणून ती चहाला निघून गेली.

दोघांच्या कच्च्या प्रती आमची माणसं वापरून बघत होती, तेव्हा माझीही वेळ आली. पलीकडचं यंत्र हाकेला ओ देतं का हे पिंगनं कळतं, म्हणून ते तिच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत होतं. तपासणीला वापरायचा पत्ता कंपनीनं बदलला, तेव्हा माझं एक पान दुरुस्त झालं आणि ती दिवसभर पानं शोधत बसली. तरी एक राहिलंच. शेलूबाजारचा आमचा माणूस बंद पडलेल्या पत्त्याला हाका मारत राहिला आणि ओ येईना म्हणून चांगली वायर बदलून आला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. "भाऊ, माह्या तक्रारी समोर ठेवू, तुमची पानं मांगं. तक्रारीत कमांड लिवाचीच नाई, निस्ता तुमचा पान नंबर द्याचा."

इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही.

साहेबांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्याच मथळ्याला हसले. मग एकेक तक्रार मोठ्यानं वाचत सुटले. "मांगचं सारं याइचं हाये, साहेब," ती माझ्याकडे हात करून पुन्हा पुन्हा सांगत होती. साहेब हो हो म्हणत तिच्याकडेच बघत होते. तिनं श्रेय लाटलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा मिळाली असती.

नागपूरला ती गेली. जाण्याआधी माझ्यासाठी ठेचा-भाकर घेऊन आली. भाकरही चांगलीच निघाली.

परवा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून आमच्या माणसाचा फोन आला. "जमलं, भाऊ. वेबसाइटचं नाव सापडून नोतं राह्यलं. मांगचं एनएसलुकअपचं पान काहाडलं, तसंच्या तसं केलं, झालं. ताईचं पुस्तक लय भारी हाये. त्याइले सांगजा बरं."

ते पान शब्दन् शब्द माझं होतं.

"सांगतो," म्हणालो. ती दर रविवारी फोन करते, घरच्या सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस करते. अजून सांगितलेलं नाही.