कोयंड्यातला एक्सल

रंगनाथने मला फसवलं. मी त्याला नाही. नगरमध्ये आमच्या ओळखीच्या लोकांत याच्या उलटं सांगणारे पुष्कळ निघतील, कारण मी धंदेवाला आणि तो कोर्टातला सरळमार्गी कारकून. शिवाय आता तो गेला आहे, आणि आपल्याकडे गेलेला माणूस तेराव्यापर्यंत सज्जन होऊन जातो. तरी पहिलं वाक्य मी खोडणार नाही. त्याच्या मुलाचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "नक्की का?" कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय घ्यायची नाही ही माझी सवय. पोराला ते लागलं असणार. पण दुसऱ्यांदाही त्याने तेच सांगितलं, तेव्हा मी शटर पुन्हा खाली ओढलं.

आमची ओळख सायकलीची. पाथर्डीकडून मी नगरला आलो तो रिकाम्या हाताने. जुन्या बाजारातून मोडक्या सायकलींचे भाग घासाघीस करून घ्यायचे, जोडायचे आणि तासाच्या भाड्याने द्यायचे, असा धंदा सुरू केला. बाजारात माणसं चांगला भाग दाखवून खराब हातात देतात, आणि गिऱ्हाईकंही भाड्याने नेलेल्या सायकलीचा चांगला भाग काढून आपला खराब बसवून आणतात. म्हणून घेतलेल्या प्रत्येक भागावर मी कानशीने दोन खुणा घासून ठेवायचो, शेजारी शेजारी, एक लांब आणि एक आखूड. मडगार्डपासून आतल्या एक्सलपर्यंत. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून जाणारी लोखंडी कांब, चाक उघडल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. रंगनाथ कोर्टातून सुटला की माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायचा आणि हसायचा. "अरे नाम्या, पोटातल्या आतड्यांवरही खूण करशील तू." बसून बसून तोही चाक उघडायला, बांधायला शिकला. मी शिकवलं नाही. त्याने बघून घेतलं. त्याच वेळी मला खटकायला हवं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळी उन्हाळा. आमच्या गल्लीतल्या तालमीने सायकलची फेरी काढली. नगरहून करंजी घाटाने पाथर्डी, तिथून शेवगाव, आतल्या रस्त्याने शिंगणापूर, मग नेवासा, श्रीरामपूर, राहुरी करून परत नगर. नियम एकच होता, ज्याची सायकल वाहनावर चढली तो बाद. जो स्वतःच्या सायकलवर परत येईल त्याचं नाव तालमीच्या दारावरच्या फळीवर रंगवणार. बाकीच्यांसाठी तो खेळ होता, माझ्यासाठी नव्हता. मला तेव्हा 'भंगारवाला' म्हणत. रंगनाथची सायकल कोरी, कंपनीची, मामाने नोकरी लागल्यावर दिलेली. माझी जुन्या बाजारातली, एकेक भाग मी शोधलेला. ती जर पूर्ण फेरी मारून आली, तर नगरमध्ये माझ्या हाताला मान मिळणार होता आणि मोडली तर भंगारवाला हे नाव जन्माला चिकटणार होतं. हे रंगनाथला मी स्वतः सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

घाटाखाली दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. आम्हाला पाहून एकीने हातोडा थांबवला. "पोटाला भाकर न्हाई, आन् ह्यास्नी हिंडायला उन्हाळा गावला! कुनाच्या लग्नाला निघाले रं?" दुसरी म्हणाली, "नवरदेव कोन त्यातला?" तिसगावचा बन्सी आमच्यातला सगळ्यात वाचाळ. त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो. पर ह्याला पोरगी कुनी देत न्हाई, सायकल बघून परत जात्यात." बाया हसल्या, मी चढाला लागलो. डांबर चाकाला चिकटत होतं, हॅंडल उघड्या हाताने धरवत नव्हतं. निम्म्या चढावर रंगनाथ मागून ओरडला, "नाम्या, तुझ्या मागच्या चाकातून आवाज येतोय. कट् कट्. एक्सल बघ एकदा." मी उतरलो, सायकल आडवी घातली आणि त्याला विचारलं, "माझी भंगारातली म्हणून आवाज ऐकू येतो काय तुला? तुझ्या कोऱ्या सायकलीचा ऐक." तो म्हणाला, "एकदा उघडून तर बघू. मी मदत करतो." मी म्हणालो, "माझ्या सायकलीला हात लावायचा नाही." कोणीही हेच म्हणालं असतं. स्पर्धेत बरोबरीचा माणूस तुमची सायकल उघडायला मागतो, तर कशासाठी मागतो?

त्यानंतर तो सारखा माझ्या मागेच राहिला. मी हळू केली की तो हळू, मी जोरात काढली की तो जोरात. पाथर्डीपासून शेवगावपर्यंत मला मानेवर त्याची नजर जाणवत होती. बन्सीशीही त्याचं काहीतरी कुजबुजणं चालायचं. मी गेलो की दोघं गप्प.

शिंगणापूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्या गावात घरांना दारं नाहीत, कुलूप लावत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं. तरी मी कडुनिंबाखाली सायकल लावली आणि चाकातून साखळी घालून कुलूप मारलं. समोरच्या ओट्यावर बसलेला म्हातारा उठलाच. "पाव्हनं, आमच्या गावात कुलूप? देवाला चोर म्हनता का आमाला?" मी म्हणालो, "बाबा, तुमच्यावर विश्वास आहे. माझ्याबरोबर आलेल्यांवर नाही." बन्सी हसत सुटला, पण म्हातारा हसला नाही. माणसं जमायला लागली. शेवटी रंगनाथ मध्ये पडला. "नाम्या, काढ ते. तू आंघोळ करून तेल वाहून ये. मी बसतो सायकलींजवळ." मी कुलूप काढलं. आयुष्यात एकदाच मी कुणाच्या सांगण्यावरून कुलूप काढलं, ते रंगनाथच्या.

ओल्या धोतराने रांगेत उभं राहून तेल वाहून परत आलो, तर माझी सायकल उलट्या तोंडाने उभी. चेन थोडी जास्त ताणलेली, मागच्या चाकाच्या नटांभोवती ताजं ग्रीस. रंगनाथचे हात काळे. "कुणी हात लावला?" मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मी." "का?" "आवाज येत होता." बन्सी दुसरीकडे बघत होता. मी रंगनाथची कॉलर धरली, भर दुपारी, देवाच्या दारात. काय काढलंस ते सांग म्हणून ओरडलो. पुढची पिशवी उपसली, पाने, ट्यूब, सगळं तपासलं. काही गेलेलं नव्हतं. त्याने कॉलर सोडवून घेतली. "झालं? चल, निघू." एवढंच.

दुसऱ्या दिवशी नेवाशाच्या अलीकडे, उघड्या माळावर, रंगनाथ धाडकन पडला. मागचं चाक वाकडं होऊन अडकलं. एक्सल तुटला होता. कोऱ्या, कंपनीच्या सायकलीचा! मी पाना घेऊन पुढे झालो, तर तो ढोपराचं रक्त पुसत म्हणाला, "माझ्या सायकलीला हात लावायचा नाही." माझंच वाक्य मला परत. मला वाटलं, शिंगणापूरचा राग काढतोय. मागून येणाऱ्या ट्रकवर बन्सीने त्याची सायकल चढवली. नियमाप्रमाणे रंगनाथ बाद. ट्रक हलला तेव्हा तो माझ्या चाकाकडे बघत होता, माझ्याकडे नाही... मी नगरला आलो. फळीवर नाव लागलं. कोरी सायकल मोडली आणि भंगारातली पोचली, ही गोष्ट गावभर झाली. तिच्यावर माझं दुकान उभं राहिलं. भाड्याच्या सायकलींवरून विक्री, विक्रीवरून मोटारसायकलचे भाग. भंगारवाला कुणी म्हणेनासं झालं.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो. गिऱ्हाइकांना, व्याह्यांना, बॅंकेच्या साहेबांना. कितीतरी वेळा रंगनाथ समोरच बाकावर चहा पीत बसलेला असायचा. मी म्हणायचो, "विचारा यांना, यांचीच सायकल होती ती!" तो मान हलवायचा. "खरंय. कंपनीचा माल." मधूनच मी त्याला टोमणा मारायचो, "शिंगणापूरला माझ्या सायकलीला काय केलं होतंस, मरायच्या आधी सांगून टाक." तो म्हणायचा, "आवाज घालवला." आणि चहा संपवायचा. त्याच्या घरी मी दिवाळीला जायचो, पण दाराशीच उभा राहून फराळाचा डबा द्यायचो. आत फारसा गेलो नाही. संशय होता ना मनात. माझा काहीतरी भाग त्याच्याकडे आहे, असं मला कायम वाटत आलं होतं.

होताच. दिवस झाल्यावर सुधीर आईला, कुसुमवहिनींना, पुण्याला नेणार होता, म्हणून मी भेटायला गेलो. तो दाराला कुलूप बसवत होता. रंगनाथच्या दाराला कधी कुलूप नसायचं. कडी कोयंड्यात अडकवायची आणि कुलपाच्या जागी लोखंडाचा एक बोटभर तुकडा खुपसायचा, एवढाच त्याचा बंदोबस्त. कुसुमवहिनी म्हणाल्या, "भावजी, मी यांना किती वेळा म्हटलं, निदान बाहेरगावी जाताना तरी कुलूप लावा. तर म्हणायचे, हेच माझं कुलूप आहे." सुधीरने तो तुकडा उपसला. "काका, हा टाकून देऊ?" लोखंड टाकायचं नसतं, म्हणून मी हात पुढे केला. एक टोक तुटलेलं. रोजच्या हाताळण्याने गुळगुळीत झालेलं. अंगठा फिरवला आणि थांबला. शेजारी शेजारी दोन खुणा. एक लांब, एक आखूड.

वहिनी पाणी घेऊन आल्या, ते मी घेतलं की नाही आठवत नाही. दुकानात येऊन बन्सीला फोन लावला. तो आता तिसगावलाच असतो. म्हणालो, "बन्सी, शिंगणापूरला काय झालं होतं?" तो म्हणाला, "तुझ्या एक्सलला तडा हुता. त्यानं आपला काढून तुला घातला आन् तुझा सोताला. मी सायकल धरून हुतो. नेवाशापतुर टिकंल, तिथं नवा घेऊ, म्हनला. न्हाई टिकला." मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलं?" "सांगायचं न्हाई म्हनला." "का?" "आता त्ये मला नको इचारू, नामदेवराव. मानूस गेला. सोड की." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाही.

सोडू कसा? मी आयुष्यात एक नट फुकट घेतलेला नाही. समोर ठेवलेली वस्तू पारखायची, भाव करायचा, पटली तर घ्यायची, नाही तर उठून जायचं, एवढा एकच हक्क मी गरिबीतून कमावून आणला होता. मी रांगेत देवासमोर उभा असताना त्या दोघांनी तो माझ्याकडून काढून घेतला. मला विचारलं असतं तर मी भांडलो असतो, नाही म्हणालो असतो, कदाचित नेवाशाच्या माळावर मोडून पडलो असतो. पण पडलो असतो तो मी. आणि मग पन्नास वर्षं तो माझ्यासमोर बसून माझी गोष्ट ऐकत होता, ते का? दया म्हणून? मनातल्या मनात हसत? की खरोखरच त्याला काही वाटत नव्हतं? बाहेर पडून दार ओढल्यावर तो तुकडा कोयंड्यात घालताना रोज काय म्हणत असेल तो?

तुकडा आता माझ्या गल्ल्याशेजारी आहे. समोरचा बाक रिकामा असतो, त्यावर मी कुणाला बसू देत नाही. ती गोष्ट सांगणं मी बंद केलं आहे, आणि गिऱ्हाईकं विचारतात, "ते कंपनीच्या सायकलचं काय हो झालं होतं?"

रंगनाथ सुटला. बन्सी, सायकल तू धरली होतीस, तू सुटणार नाहीस. वर्तमानपत्राच्या पुरवणीतला हा लेख तुझी नातवंडं तुला वाचून दाखवतीलच. एस.टी.ने ये, बाकावर बस, आणि माझ्या तोंडावर सांग, फळीवर नाव माझं होतं, पण त्या उन्हात नगरपर्यंत आलं कोण?