एक कोटी एक आणि आठ पावलं

मी आटपाडीत झेरॉक्सचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांचे कागद हातातून जातात आणि मी विसरतो. प्रियदर्शनीचा कागद मात्र डोक्यातून जात नाही.

तिचे वडील सोपानतात्या फौजेत ड्रिल शिकवायचे. सुट्टीवर आले की पोरीला अंगणात गणितही कवायतीनंच शिकवायचे. मोठी संख्या घ्यायची आणि एकेक अंक एकेका पावलावर टाकायचा, डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही पायांची बेरीज सारखी आली की संख्येला अकरानं भाग जातो. आम्ही हसायचो. ती रस्त्यानं जाताना गाड्यांचे नंबरसुद्धा पाय आपटत तपासायची. तात्या वारले, पण तिची सवय गेली नाही. सकाळी आईबरोबर डाळिंबाच्या बागेत कामाला, दुपारी अभ्यासिकेत, असं तिचं चाललेलं. सरकारी भरतीची परीक्षा द्यायची होती आणि वयात बसणारी ही शेवटची.

पेपरात प्रश्न आला, एक कोटी एक ही संख्या मूळ की संयुक्त? प्रियदर्शनीनं बाकाखाली आठ पावलं टाकली. पहिला एक डाव्या पायावर, शेवटचा उजव्यावर, मध्ये नुसती शून्यं. दोन्हीकडं एक-एक. तिनं संयुक्त लिहिलं. उत्तरसूचीत आलं, मूळ. सूची करणाऱ्यानं दोन, तीन, पाच, सातपर्यंत भागून बघितलं असेल आणि गडी दमला असेल.

तिनं माझ्याच दुकानात उभ्या उभ्या हरकत लिहिली. ११ × ९,०९,०९१ = १,००,००,००१. शाळेतलं पोर करून बघेल. मीच ती स्कॅन करून पाठवली. उत्तर आलं, ‘हरकत अमान्य. प्रमाणित संदर्भग्रंथाचे पान जोडलेले नाही.’

अरे, गुणाकाराला साक्षीदार लागतो काय? दोन आणि दोन चार होतात ते कुणी छापलं म्हणून होतात? मी त्या कार्यालयात फोन लावला. साहेब म्हणाला, "तज्ज्ञांनी ठरवलंय."

"आवं, मोबाईल हाय न्हवं हातात? भागून बघा की."

त्यानं फोन ठेवला. ती एका गुणानं राहिली. दुसऱ्या दिवशी ती गुमान बागेत कामाला गेली, आणि मला त्याचाच लय राग आला.

यंदा अभ्यासिकेतला एकजण नवंकोरं गाईड घेऊन आला. चाळताना तोच प्रश्न दिसला. उत्तर, मूळ संख्या. खाली बारीक अक्षरात, आधार : अधिकृत उत्तरसूची. म्हणजे तेव्हा मागत होते ते पुस्तकाचं पान आता तयार झालं, आणि तेही खोटं.

मी तिला बोलावून घेतलं आणि त्या पानाची एक प्रत हातात दिली. तिनं खालची बारीक अक्षरं वाचली.

"दादा, किती काढायच्यात?"

"चाळीस. अभ्यासिकेत तेवढी पोरं हायत."

तिनं माझ्या खिशातला पेन घेतला, उत्तरावर काट मारली, शेजारी ठळक अक्षरात गुणाकार लिहिला आणि कागद मशिनच्या काचेवर उपडा ठेवला.

"आता काढा," ती म्हणाली.