गुच्छ फ्रिजमध्ये, बाटली टेबलावर

तपासणी केंद्रातल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘शंकाबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. फक्त खात्री नव्हती. घरी दुधाचं पातेलं नाकाशी नेल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे. ‘‘आईला सूर्य उगवल्याचाही दुसरा रिपोर्ट लागतो,’’ असं लेक म्हणायची.

स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हार्मोनला पकडून ठेवणारे रिसेप्टर आहेत का, हे शंकाबाई बघत. असले, तर रंग दिल्यावर पेशी तपकिरी दिसतात आणि रोज एक साधी गोळी घेऊन आजाराला आवर घालता येतो. नसले, तर ती वाट बंद.

केंद्राचे मालक, म्हणजे साहेब, यांनी यासाठी नवं मशीन घेतलं. फीत कापली, भाषणं झाली, मशीनपेक्षा साहेबांचेच फोटो जास्त निघाले. दर खेपेला हमखास तपकिरी होणारा जुना नमुना सोबत लावून रंगाची परीक्षा घ्यायची, ही जुनी पद्धत साहेबांनी त्याच दिवशी मोडीत काढली. ‘‘एवढ्या थाटात उद्घाटन केलं आणि रोज परीक्षा? चारचौघांत बरं दिसतं का ते?’’

त्यानंतर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गाठीचा तुकडा लावलेली काच मशीनमधून रंगून आली. सगळी फिकट निळी. बाहेर बाकावर त्या आणि त्यांचा अबोल नवरा रिपोर्टची वाट बघत होते.

‘‘सही करा, बाई. रिसेप्टर नाहीत, संपलं,’’ साहेब म्हणाले.

‘‘कॅन्सरच्या पेशींचं जाऊ द्या. शेजारच्या निरोगी ग्रंथींना तरी थोडा रंग यायला हवा ना? त्याही कोऱ्या.’’

‘‘मशीन खोटं बोलतं?’’

‘‘मशीन नाही, साहेब. रंगाची बाटली बघायचीय मला.’’

तंत्रज्ञ ताई चाचरली. ‘‘मॅडम, ती उद्घाटनाला दिवसभर टेबलावर होती, दिव्यांखाली. साहेब म्हणाले, लेबल फोटोत आलं पाहिजे.’’

‘‘आणि फ्रिज? गरम झाला की हा रंग बाद होतो.’’

‘‘फ्रिजमध्ये गुच्छ होते. कोमेजले असते ना.’’

साहेबांना एकदम भिंतीवरचं घड्याळ फार आवडू लागलं.

नवी बाटली फोडली, जुना नमुना शेजारी लावला. जुना नमुना तपकिरी झाला, निरोगी ग्रंथी झाल्या, आणि शिवणवाल्या बाईंच्या कॅन्सरच्या पेशी तर चॉकलेटात बुडवून काढल्यासारख्या! उद्घाटनानंतर गेलेले सगळे रिपोर्ट परत मागवायचं ठरलं. शंकाबाईंनी फोन साहेबांच्याच हातात दिला. ‘‘भाषण तुम्हाला छान जमतं.’’

मग त्या स्वतः बाकापाशी गेल्या. ‘‘ताई, तुम्हाला गोळी लागू पडेल, असं दिसतंय. बाकी सगळं तुमचे डॉक्टर सांगतील. पण गोळी रोज, काही वर्षं, न चुकता घ्यायची.’’

शिवणवाल्या बाईंनी आधी डोळे पुसले, मग कपाळाला हात लावला. ‘‘अहो, मला गिऱ्हाइकाची मापं आठवतात, पण सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही! रोज कुठली लक्षात राहायला?’’

‘‘मी देईन,’’ नवरा म्हणाला.

बायकोनं वळून पाहिलं. ‘‘तुम्ही?’’

‘‘हो. समोर उभा राहून. गिळेपर्यंत.’’