बाबांच्या हाताचा कीबोर्ड

बाबांनी आयुष्यभर भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये डाय सेटरचं, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर साचे बसवायचं काम केलं. मी सहावीत असताना प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. मग ते डाव्या हातानं लिहायला शिकले. निवृत्त झाल्यावर दिघीतल्या आमच्या विहाराच्या समितीचे सचिव झाले आणि दर बैठकीचं इतिवृत्त त्याच हातानं लिहू लागले.

गेल्या वर्षी समितीतला एकजण भर बैठकीत म्हणाला, "काका, तुमचं अक्षर आता लागत नाही. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ या."

बाबा घरी आले, चप्पल काढली आणि मला म्हणाले, "मला टायपिंग शिकव."

माझा एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथल्या आयटीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, लिनक्स टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवरही पळतं, आणि आतलं काहीही आपल्या सोयीनं बदलता येतं." त्यानं पेनड्राइव्ह तयार करून दिला.

गुरुवारी माझ्या कंपनीला सुट्टी. सकाळीच आम्ही दोघं बसलो. जुने फोटो काढून घेतले आणि पेनड्राइव्ह लावला, पण लॅपटॉप त्यावरून सुरूच होईना. चौथ्या खेपेला कुठं सुरू होतानाच दाबायचं ते बटण वेळेवर दाबलं गेलं. नवी सिस्टीम अर्ध्या तासात बसली, पण वाय-फायचा पत्ता नाही. मी वैतागले. "बाबा, हे काही खरं नाही."

"पहिला पीस कधी ओके आलेला बघितलाय का तू?" ते म्हणाले.

शेवटी मोबाईल केबलनं जोडून त्याच्या नेटवरून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवला. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर शेजारपाजारच्या सगळ्यांच्या वाय-फायची नावं रांगेनं समोर.

खरी अडचण पुढंच होती. मराठीतली निम्मी अक्षरं शिफ्ट धरून काढावी लागतात. बाबांचा एक हात शिफ्टवर अडकला की दुसऱ्याचा मेळ बसेना. त्यांची धडपड मला बघवेना. "तुम्ही सांगा, मी टाइप करते," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "मग सचिव कोण? तू का मी?"

मी सेटिंग शोधायला लागले. एक सापडलं: शिफ्ट एकदा दाबून सोडायचं, पुढचं अक्षर आपोआप वरचं येतं. बाबांनी 'ख' काढला. मग उगाचच आणखी दहा 'ख' काढले.

पण 'र' आणि 'क' नेमके नसलेल्या बोटांखाली येत होते. ही दोन अक्षरं डाव्या हाताकडं न्यायची असं मी ठरवलं. पुढच्या गुरुवारी कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ते लिहिलेली कीबोर्डची फाईल उघडली, जपून ठेवायला तिची एक प्रत काढली आणि डाव्या बाजूच्या 'ौ'च्या जागी 'र' आणला. सेव्ह केलं, तर मराठी टायपिंगच बंद पडलं. मी तासभर डोकं खाजवत होते. बाबा शेजारी बसून एकेक ओळ बोटानं बघत होते. त्यांना त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं.

"ह्या सगळ्या ओळींच्या शेवटी टिंब आणि स्वल्पविराम हाय," ते म्हणाले. "हिच्या शेवटी नाही."

तेच चुकलं होतं. ते चिन्ह घातलं आणि टायपिंग सुरू झालं. 'क'ही तसाच हलवला.

दीड पानाच्या इतिवृत्ताला बाबांना चार दिवस लागले. रोज चहा झाला की बसायचे, पाठ दुखली की उठायचे. मी एकही ओळ टाइप केली नाही. त्यांनी करू दिलीही नसती. बैठकीत ते वाचून दाखवायला बाबांनी छापलेला कागद दिला तो अक्षर लागत नाही म्हणणाऱ्याच्याच हातात. तो कुठंही न अडखळता वाचत गेला. वाचून झाल्यावर म्हणाला, "काका, मागच्या दोन वर्षांचंही असंच करून द्याल का?"

आता बाबा मागचं इतिवृत्त उतरवून काढताहेत. परवा मला त्या लॅपटॉपवर सोसायटीला एक अर्ज लिहायचा होता. 'पाणी' लिहायला गेले, तर भलतंच काहीतरी उमटलं. फाईल उघडून बघितली. मला न विचारता त्यांनी आणखी पाच अक्षरं हलवली होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ते चिन्ह जागच्या जागी होतं.