सार्जंटच्या घरचं रिकामं पान

सार्जंटच्या डाव्या बाजूनं चालायची कुणाला परवानगी नव्हती. कारखान्याच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत आम्ही कित्येक वर्षं बरोबर चाललो. चुकून मी डावीकडे गेलो की तो थांबायचा, मला पुढे जाऊ द्यायचा आणि मग मला आपल्या उजवीकडे घ्यायचा. बसमध्ये बसला की डावीकडच्या सीटवर टोपी ठेवायचा. गर्दीतसुद्धा ती टोपी उचलायला कुणी सांगत नसे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. मला वाटायचं, याला एकाच कानानं ऐकू येत असावं. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "कान दोन्ही ठीक आहेत, केळकर. तिकडे माणूस आहे."

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात मी डिझाइन विभागात होतो आणि तो रंगखात्यात. त्याआधी तो अमेरिकन सैन्यात सार्जंट होता. व्हिएतनामच्या युद्धातून त्याची बदली जर्मनीतल्या छावणीत झाली, सैन्यातली मुदत संपली, बरोबरीचे सगळे घरी गेले आणि हा इथेच राहिला. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असे. जर्मन शेजारीणसुद्धा त्याला 'हेर सार्जंट', म्हणजे सार्जंटसाहेब, म्हणायची. दोन हजार सालाच्या सुमारास आम्ही दोघं निवृत्त झालो, आणि खरी मैत्री त्यानंतरची.

आमच्या मराठी मंडळात त्याच्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. त्या गोष्टीत मी फार चांगला माणूस आहे. म्हणूनच हे लिहितो आहे.

इतिहास हा सार्जंटचा बागेतला उद्योग होता. गावाबाहेर त्यानं श्रेबरगार्टन घेतली होती, म्हणजे कुंपणं घातलेल्या ओळीतला भाड्याचा एक वाफा आणि त्यात एक लाकडी खोपटं. बटाटे खणता खणता तो मला अमेरिकेची युद्धं सांगायचा. त्यांच्या यादवी युद्धात खेडूत शेतकऱ्यांच्या पोरांनी आपल्याच मामेभावांवर कशा गोळ्या झाडल्या, आणि मेलेल्यांपैकी किती जणांना नावच मिळालं नाही. जुलैच्या चार तारखेला तो शेगडीशेजारी ताठ उभा राहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. सुमती, माझी बायको, माझ्या कानाशी पुटपुटायची, "अहो, यांची आरती लांबली की माझी कणसं करपतात." तो ते ओळखायचा आणि आणखी सावकाश वाचायचा. शेवटचं वाक्य संपलं की कागद खिशात घालून म्हणायचा, "सुरुवात सगळ्यांना पाठ असते. शेवट कुणी वाचत नाही. शेवटी त्यांनी एकमेकांना शब्द दिलाय. जीव, मालमत्ता, अब्रू, सगळं लावून. एकमेकांना, केळकर. सरकारला नाही."

त्यानं कुणाला शब्द दिला होता, हे आम्हाला कळलं ते सुमतीच्या एका चुकीमुळे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी अमेरिकन लोक देवाचे आभार मानायला घरचं जेवण करतात. निवृत्तीनंतर त्यानं पहिल्यांदाच आम्हाला त्या जेवणाला बोलावलं. तो स्वयंपाकघरात टर्कीशी झटत होता. सुमती शाकाहारी, म्हणून तिनं स्वतःपुरता मसालेभात डब्यातून आणला होता. मोठ्या टेबलावर तीन ताटं होती, आणि खिडकीपाशी एक लहान गोल टेबल वेगळं मांडलेलं होतं. पांढरं कापड, एक लाल गुलाब, एक खुर्ची, आणि ताटात फक्त चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. बाजूला काचेचा पेला पालथा.

"अहो, बघितलंत का?" सुमती हरखून म्हणाली. "यांच्याकडेही मीठ-लिंबूच आधी वाढतात! बिचाऱ्यांचं पुढचं वाढायचं राहून गेलंय."

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. तिनं डबा उघडला आणि मिठाच्या खाली, बरोबर मधोमध, मसालेभाताची मूद पाडली. वर खोबरं-कोथिंबीर घातली. पेला सरळ केला, त्यात पाणी ओतलं. चौथा माणूस हात धुवायला गेला असेल, असं तिला वाटलं होतं.

सार्जंट टर्कीचा ट्रे घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. तो म्हणाला, "मॅम, तुम्ही त्याला जेवायला वाढलंत."

"मग?" सुमती म्हणाली. "पान मांडून माणसाला उपाशी ठेवायचं?"

त्यानं ट्रे खाली ठेवला आणि आम्हाला डेलबद्दल सांगितलं. डेल उंचापुरा, त्याच्याच गावचा, त्याच्याच गल्लीतला. ओहायोमधल्या त्या गावातून दोघं एकाच बसनं सैन्यात गेले. पायवाटेवरून गस्त चालली असताना डेल त्याच्या डावीकडे होता. धुकं आलं, गोळीबार झाला, धुकं गेलं, आणि डावीकडे कोणी नव्हतं. रक्त नाही, बूट नाही, काहीच नाही. ते गोल टेबल ही अमेरिकन सैन्याची रीत आहे. जे परत आले नाहीत आणि मेले असंही ज्यांच्याबद्दल कळलं नाही, त्यांच्यासाठी ते मांडतात. मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू, लिंबू म्हणजे कडवट नशीब. पेला पालथा, कारण तो आज आपल्याबरोबर पिऊ शकत नाही. सैन्यात ते टेबल समारंभापुरतं मांडतात. सार्जंटच्या घरी ते रोज असायचं.

सुमती लाजून पेला पुन्हा पालथा करायला गेली. त्यानं तिचा हात अडवला. "राहू द्या," म्हणाला. "आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, की त्याला भूक लागली असेल."

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर भेटला तेव्हा त्यानं मला एवढंच सांगितलं, "ताट स्वच्छ होतं."

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"माझ्या घरात उंदीर नाहीत, केळकर."

तेव्हापासून दर वर्षी सुमती डेलचं पान वाढू लागली. सार्जंट एरवी फारसा हसत नसे, पण तिची मात्र थट्टा करायचा. "मॅम, तो म्हणतो गेल्या खेपेचा भात जास्त तिखट होता." सुमती खिडकीकडे बघून उत्तर द्यायची, "त्यांना सांगा, मग दुसरं घर बघा म्हणावं!" आम्ही हसायचो. हसताना मी मात्र त्या खुर्चीकडे पाठ करून बसायचो. तिच्या वेताच्या बैठकीला मधोमध खळगा पडला होता, आणि त्या खुर्चीत कधीच कोणी बसलेलं नव्हतं.

इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा जखमी सैनिकांना जर्मनीत आणत असल्याच्या बातम्या येत. सार्जंट बागेत खुरपं थांबवून वर जाणाऱ्या प्रत्येक विमानाकडे बघायचा. "या खेपेला सगळ्यांना परत आणतायत," म्हणायचा. "कुठल्याही अवस्थेत. हे बरं आहे."

ओहायोत त्याची एकुलती बहीण होती. ती दर रविवारी फोन करून त्याला घरी बोलवायची. तो म्हणायचा, "दोघं एका स्टॉपवरून चढलो. तिथे एकटा कसा उतरू?" डेलची आई वारली तरी त्याचं उत्तर बदललं नाही. सैन्यानं कागदोपत्री डेलला मृत धरलं होतं. "कागदावर त्यांनी केव्हाच मारलाय त्याला," तो म्हणायचा. "मी मारलेला नाही."

मग सुमती गेली. दुखणं लांबलं नाही. मी तिचा हात धरून बसलो होतो, एवढंच सांगतो.

त्या नोव्हेंबरात मी स्वतः मसालेभात केला. तो खाली लागला होता. डेलचं पान वाढून झाल्यावर मी सार्जंटला म्हणालो, "त्या टेबलाशी आणखी एक खुर्ची ठेवू या? सुमतीसाठी?"

"नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "ते टेबल मेलेल्यांचं नाही. तुझी बायको मेली आहे. तू बघितलंस. ती कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. नशीबवान आहेस तू, केळकर."

त्याच्या दृष्टीनं ते खरं होतं. मला मात्र ते शब्द सहन झाले नाहीत. माझ्या घरात कपाटभर साड्या होत्या आणि आता कुणीही येणार नव्हतं. त्याच्या घरात कुणीतरी यायचं होतं. त्या दिवसापासून मला डेलचा हेवा वाटू लागला. मला वाटू लागलं की सार्जंटकडेही माझ्यासारखंच एक मेलेलं माणूस असायला हवं. हे मी तेव्हा स्वतःलाही असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. करुणा म्हणून सांगितलं होतं.

हिवाळा संपता संपता त्याच्या बहिणीला मोठं दुखणं लागलं. "मी असेपर्यंत ये," एवढंच ती म्हणत होती. सार्जंटची झोप उडाली. तेव्हा मी त्याला आमच्यातला विधी सांगितला. माझे वडील कोकणात भिक्षुकी करायचे. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. त्यानंतर तो माणूस गेला असं धरायचं आणि घरच्यांनी मोकळं व्हायचं.

त्यानं दोन आठवडे विचार केला. मग बागेत आला आणि एकच प्रश्न विचारला. "त्यानंतर तो आला तर? तुमच्यात त्याला काही वाट ठेवलीय?"

"नाही," मी म्हणालो. "एकदा अग्नी दिला की परत येणं नाही."

"नक्की?"

"नक्की."

एप्रिलातल्या एका लख्ख दुपारी आम्ही ते केलं. पळस नव्हता, म्हणून कुंपणातल्या हेझलच्या झुडपाच्या काड्या घेतल्या, वाळलं गवत घेतलं, आशियाई दुकानातून नारळ आणला. सार्जंटनं त्या गवताच्या माणसाला आपला जुना लष्करी शर्ट घातला, बटणं लावली, कॉलर सारखी केली. तो इतका माणसासारखा दिसू लागला की मला त्याच्या अंगावरून पाय टाकवेना. मला आठवत होते तेवढे मंत्र मी म्हटले. अग्नी सार्जंटनं दिला. वारा बागेकडून रस्त्याकडे वाहत होता, पण धूर वर चढला नाही आणि वाऱ्याबरोबरही गेला नाही. तो जमिनीला धरून, सरपटत, उलटा आमच्या पायांकडे आला. नारळ फुटला तेव्हा सार्जंटच्या तोंडून एक आवाज आला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

पलीकडच्या वाफ्यातली म्हातारी कुंपणाशी येऊन ओरडली, "हेर सार्जंट! इथे जाळायला बंदी आहे! तीन-तीन मोठे पुरुष असून एकाला अक्कल नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं कुंपणातून शर्ट घातलेला कोणी आडवा झालेला पाहिला असेल. पण मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झोपलेला कोण? तिसरा तर हेर सार्जंटच्या शेजारी उभा होता. आता गेला वाटतं."

कोणत्या बाजूला, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर सार्जंटला झोप लागू लागली. गोल टेबल त्यानं त्या म्हातारीला कुंड्या ठेवायला दिलं. जूनमध्ये मी त्याला फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडायला गेलो. तो माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होता, कधी इकडून, कधी तिकडून, एखाद्या मुलासारखा. तपासणीच्या रांगेत शिरण्यापूर्वी त्यानं मला मिठी मारली. "मी आयुष्यभर ज्याला घाबरलो ते तू एका दुपारी संपवलंस," तो म्हणाला.

बहीण त्या वर्षी गेली. तो तिच्या घरात आणखी दोन-तीन वर्षं राहिला आणि झोपेतच गेला. तिच्या मुलीनं मला फोन केला. मामा समाधानात होता, म्हणाली. डेलच्या आईच्या थडग्याशेजारी त्यानं डेलच्या नावाचा दगड बसवला होता. त्यावर जन्माची तारीख होती आणि मृत्यूचीही. मृत्यूची तारीख तिला कळेना. ती युद्धानंतरची, कितीतरी वर्षांनंतरची होती. मला कळली. ती एप्रिलातल्या आमच्या त्या दुपारची होती.

मंडळाच्या गणपतीत कोणीतरी दर वर्षी हे सांगतं. आपल्या केळकरकाकांनी एका अमेरिकन माणसाला कसं मोकळं केलं. नव्यानं आलेली मुलं माझ्या पाया पडतात.

आता खरं सांगतो. लहानपणी मी तो विधी एकदाच पाहिला होता, बुडालेल्या गलबतावरच्या एका खलाशाचा. त्याच्या बायकोनं वडिलांना तोच प्रश्न विचारला होता. वडील तिला म्हणाले होते, "आला तर आनंदच आहे, बाई. शास्त्रात सांगितलंय. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून काढायचं, नुकता जन्मला असं समजून बारसं करायचं, मुंज करायची, आणि तुमचं लग्न पुन्हा लावायचं. मी स्वतः लावीन." ती बाई रडता रडता हसली होती. हे मला त्या दिवशी बागेत लख्ख आठवत होतं. आठवत असताना मी नाही म्हणालो. वाट होती, आणि ती आहे असं सांगितलं असतं, तर सार्जंट तिच्याकडे बघत बसला असता. मला ते नको होतं.

सार्जंट निश्चिंत मेला. डेलची वाट बघणारं आता जगात कोणी नाही. पण तो आला तर काय करायचं, हे ठाऊक असलेला एक माणूस आहे.

माझ्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जिथे इतर लोक वाइन आणि सायकली ठेवतात, तिथे तुपाचे डबे आहेत. दर महिन्याला मी लोणी आणतो, कढवतो आणि एकेक डबा भरून खाली ठेवतो. परवा भेटायला आलेला माझा मुलगा विजेचा मीटर बघायला खाली गेला आणि वर येऊन जर्मनमध्येच म्हणाला, "बाबा, एवढं तूप कुणासाठी? तुम्हाला तर डॉक्टरनं बंद केलंय."

"पाहुणा यायचाय," मी म्हणालो. "उंच आहे. एवढं पुरेल की नाही, तेच कळत नाही."